बसस्थानक : आधी मोजा, मग बांधा

पुणे-सोलापूर महामार्ग आणि दौंडहून बारामतीकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांना भेटतात, ते गाव म्हणजे कुरकुंभ. पूर्वी हे गाव फिरंगाई देवीमुळे ओळखले जाई. आता रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे त्याचे नाव दूरवर गेले आहे. सकाळी या चौकात पाच मिनिटे उभे राहून पाहावे. पाळी संपवून घरी निघालेले कामगार, दौंडच्या महाविद्यालयात जाणारी मुले-मुली, बारामतीला दवाखान्यात निघालेली वृद्ध माणसे, पुण्याला कामासाठी चाललेले लोक असे सर्व जण एकच काम करीत असतात. ते काम म्हणजे थांबणे.

थांबणे हे काम आहे असे आपण सहसा मानीत नाही. पण हिशेब करून पाहा. एखादा विद्यार्थी जाताना वीस मिनिटे आणि येताना वीस मिनिटे बसची वाट पाहतो असे समजू. वर्षाचे दोनशे दिवस धरले, तर ही आठ हजार मिनिटे झाली. अठ्ठेचाळीस मिनिटांची एक तासिका धरल्यास या वेळात १६६ तासिका बसतात. एका विषयाला वर्षभरात यापेक्षा फार जास्त तासिका मिळत नाहीत. म्हणजे आपला विद्यार्थी दरवर्षी एक संपूर्ण विषय रस्त्याच्या कडेला उभा राहून घालवतो.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि एस. टी.नेच ये-जा करतो. त्यामुळे बसस्थानकाविषयी मला दोन्ही बाजूंनी बोलावेसे वाटते, शिक्षक म्हणून आणि प्रवासी म्हणूनही.

विमानतळ हा नमुना नव्हे

आपल्या राज्यातील पहिली एस. टी. बस १ जून १९४८ रोजी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ते पुणे या मार्गावर धावली. आज राज्यात सुमारे अडीचशे आगारे आहेत आणि एस. टी. गावोगावी पोहोचली आहे. पुष्कळ ठिकाणी जुनी स्थानके पाडून नवी बांधण्याचे काम चालू आहे. आमच्या शेजारच्या बारामतीच्या नव्या बसस्थानकाचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. पुण्यात स्वारगेटला भुयारी मेट्रो, शहर बस आणि एस. टी. यांची एकमेकांशी सांगड घालण्यात येत आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. जुन्या, गळक्या, अंधाऱ्या स्थानकांची आठवण काढून कोणी उसासे टाकावेत असे मला मुळीच वाटत नाही.

पण नव्या स्थानकाची स्तुती करताना लोक एकच शब्द वापरतात, ‘विमानतळासारखे’. येथे माझा मतभेद आहे. विमानाचा प्रवासी दोन तास आधी येतो, एका जागी बसतो, आणि बहुतेकांच्या वाट्याला तो प्रसंग वर्षातून एखाद-दोनदाच येतो. एस. टी.चा प्रवासी रोज येतो, त्याच्या हातात पिशवी आणि कडेवर मूल असते. त्याची बस पाच-दहा मिनिटेच उभी राहते, आणि तेवढ्यात त्याला ती शोधून काढावी लागते. दोघांच्या गरजा इतक्या वेगळ्या असताना एकाच्या इमारतीचा नमुना दुसऱ्याला कसा चालेल?

माझे म्हणणे एवढेच आहे. बसस्थानक आधुनिक आहे की नाही, हे त्याच्या दर्शनी भिंतीवरून ठरत नाही. तेथे थांबणाऱ्या माणसाचा वेळ, सावली, कान आणि सुरक्षितता यांचा हिशेब आधी मांडला होता की नाही, यावरून ते ठरते. आणि हा हिशेब दहावीपर्यंतच्या गणिताने आणि विज्ञानाने मांडता येतो.

फलाट किती हवेत?

समजा, एका स्थानकात गर्दीच्या वेळी तासाला ३० बसगाड्या येतात आणि प्रत्येक गाडी १० मिनिटे, म्हणजे एकषष्ठांश तास थांबते. मग कोणत्याही क्षणी सरासरी किती गाड्या उभ्या असतील? तीसला एकषष्ठांशाने गुणा. उत्तर येते ५. हा साधा नियम कोणत्याही रांगेला लागू पडतो. अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली, आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. गाड्या नेमक्या अंतराने येत नाहीत, म्हणून पाचऐवजी सात-आठ फलाट ठेवावेत. पण प्रत्येक गाडी १० ऐवजी १५ मिनिटे रेंगाळली, तर सरासरीच साडेसातवर जाते आणि मग सात-आठ फलाटही अपुरे पडतात.

याच नियमाने माणसेही मोजता येतात. तासाला ६०० प्रवासी येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी २५ मिनिटे थांबत असेल, तर एका वेळी २५० माणसे तेथे असणार. त्यांना सावली, बाके आणि पाणी हवे. स्त्रियांच्या स्वच्छतागृहालाही हाच हिशेब लावा. एका स्त्रीला एका पुरुषाच्या दुप्पट वेळ लागतो असे धरले, तर दोघांची संख्या सारखी असतानाही स्त्रियांसाठी दुप्पट जागा हव्यात. नकाशावर दोन्ही बाजूंना सारखे चौकोन काढले म्हणजे समानता झाली, असे अनेकांना वाटते. बाहेरची रांग पाहिली की ती चूक कळते.

आता एक गंमत पाहा. तासाला दोन बस आहेत. त्या बरोबर तीस-तीस मिनिटांनी आल्या, तर केव्हाही येणाऱ्या प्रवाशाला सरासरी १५ मिनिटे थांबावे लागेल. त्याच दोन बस १० आणि ५० मिनिटांच्या अंतराने आल्या तर? बसची संख्या तीच आहे, म्हणून सरासरीही तीच राहील असे वाटते. पण साठ मिनिटांपैकी पन्नास मिनिटे मोठ्या अंतरात मोडतात. म्हणून सहापैकी पाच प्रवासी त्या मोठ्या अंतरात सापडतात आणि सरासरी २५ मिनिटे थांबतात. उरलेला एक सरासरी ५ मिनिटे थांबतो. सर्वांची सरासरी जवळजवळ २२ मिनिटे येते. एकही नवी बस न घेता आणि एकही वीट न रचता, केवळ वक्तशीरपणाने दर प्रवाशाची सात मिनिटे वाचू शकतात. म्हणून मी म्हणतो की स्थानकाची पहिली सुधारणा वेळापत्रकात असते. ती उद्घाटनाच्या फितीसमोर दिसत नाही, एवढाच तिचा दोष.

जमीन आणि चाक

सायकलची दोन्ही चाके पाण्यात भिजवून कोरड्या अंगणात एक वळण घ्या. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या आत पडलेली दिसेल. बसचेही असेच होते. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत ६ मीटर अंतर आहे, आणि पुढचे चाक १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरते आहे असे समजा. पायथागोरसच्या प्रमेयाने मागच्या चाकाची त्रिज्या १४४ वजा ३६ चे वर्गमूळ, म्हणजे १०.४ मीटर येते. मागचे चाक १.६ मीटर आत घुसते! चालकाने पुढचे चाक अगदी बरोबर वळवले तरी वळणाच्या आतल्या कोपऱ्यावर उभा असलेला माणूस धोक्यात असतो. म्हणून आतल्या कोपऱ्यावर प्रवाशांना उभे राहताच येऊ नये, अशी रचना हवी. ‘सावध राहा’ अशी पाटी लावून हे काम होत नाही.

जमिनीचेही तसेच. रस्त्याची झीज आसावरील वजनाच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, असा नियम अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या चाचणीतून मिळाला. मोटारीच्या एका आसावर अर्धा टन आणि बसच्या मागच्या आसावर दहा टन वजन धरले, तर बसचे वजन वीसपट होते. वीसचा चौथा घात १,६०,००० होतो. म्हणजे बसची एक फेरी मोटारीच्या दीड लाखाहून अधिक फेऱ्यांइतकी झीज करते. त्यातच डांबर उन्हाळ्यात पूर्ण घन राहत नाही. धावत्या चाकाखाली ते टिकते, पण उभ्या बसच्या सततच्या भाराखाली ते हळूहळू सरकते. मग फलाटापाशी चाकांच्या खोल चाकोऱ्या पडतात आणि पावसाळ्यात तेथेच डबकी साचतात. गाड्या उभ्या राहण्याच्या जागी काँक्रीट का हवे, याचे उत्तर हे आहे. सुरुवातीला ते महाग पडते, पण वारंवार खड्डे बुजवण्याचा खर्च कोणीतरी एकत्र मांडून पाहावा.

ऊन आणि आवाज

दौंड-शिरूरचा आपला भाग पर्जन्यछायेचा. मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली उभे राहिले, तर डोक्यावर सावली असूनही अंग भाजते. याचे कारण प्रारणाच्या नियमात आहे. प्रत्येक पृष्ठभाग आपल्या निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात उष्णता बाहेर टाकतो. ३५ अंश सेल्सिअसचे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे ५१० वॉट, तर ६० अंशांवर तापलेले छप्पर सुमारे ७०० वॉट उष्णता टाकते. म्हणजे डोक्यावरची शेगडी एकतृतीयांशाहून अधिक वाढली. उपाय अवघड नाही. वरचा पृष्ठभाग पांढरा ठेवावा, किंवा दुहेरी छप्पर करून मधल्या पोकळीतून वारा खेळू द्यावा. कडुलिंबाचे झाड याहूनही चांगले, कारण पानांतून पाण्याची वाफ होत असल्याने पाने तापलेल्या पत्र्याइतकी गरम होत नाहीत. याउलट पश्चिमेला काचेची उंच भिंत उभारली, तर दुपारचे ऊन आत येते आणि उष्णता आतच कोंडते. मग ती बाहेर काढायला वातानुकूलन यंत्र लावायचे आणि विजेचे बिल भरायचे. थंड देशातील इमारत उष्ण देशात आणून ठेवल्यावर दुसरे काय होणार?

आवाजाची गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. एका तालुक्याच्या गावी नव्या, चकचकीत स्थानकात मी बसलो होतो. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली. आवाज मोठा होता, पण शब्द एकही कळला नाही. शेजारच्या आजीबाईंनी मला विचारले, “बाळा, काय म्हणाला रे तो?” पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक असूनही मला सांगता आले नाही. त्यांची गाडी पलीकडच्या फलाटावरून निघून गेली. पुढची दोन तासांनी होती.

असे का झाले? याचे उत्तर शंभर वर्षांहून जुने आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोललेले काहीच कळत नसे. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री-अपरात्री खुर्च्यांवरच्या गाद्या आत-बाहेर नेऊन मोजमाप केले आणि निनादाचा नियम शोधला. निनादाचा काळ सेकंदांत हवा असेल, तर खोलीचे घनफळ ०.१६ ने गुणावे आणि ध्वनी शोषणाऱ्या एकूण क्षेत्राने भागावे.

४० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच असे एक प्रतीक्षागृह घ्या. त्याची एक लांब बाजू पूर्ण उघडी आहे. फरशी, छत आणि भिंती गुळगुळीत व कठीण आहेत, त्यामुळे आवाज जवळजवळ शोषला जातच नाही. हिशेबाने निनादाचा काळ पावणेतीन सेकंदांहून अधिक येतो. बोलणे स्पष्ट कळायला तो एका सेकंदाच्या आसपास हवा. छताला ध्वनी शोषणारे सच्छिद्र तक्ते लावले, तर याच दालनात तो एका सेकंदाजवळ येतो. आवाज वाढवून मात्र काहीच साधत नाही, कारण शब्दाबरोबर त्याचा निनादही तितकाच वाढतो. हा हिशेब नकाशाच्या टप्प्यावर अर्ध्या तासात झाला असता, आणि आजीबाईंचे दोन तास वाचले असते. ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला वाचता येत नाही, अशा दोघांसाठीही व्यवस्था हवी. म्हणून घोषणेबरोबर मोठ्या अक्षरांचा फलक आणि प्रत्येक फलाटाला ठळक रंग किंवा चित्र असावे.

उजेड हा शिक्षणाचा प्रश्न आहे

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या एका बसमध्ये पहाटेच्या वेळी एका तरुणीवर अत्याचार झाला. सारा महाराष्ट्र हादरला. गुन्ह्याला गुन्हेगार जबाबदार असतो, दिवा नव्हे. तरीही बांधकाम करणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे, की या आवारात कोणाच्याच नजरेला न पडणारी जागा कोठे आहे?

येथेही भूमिती कामाला येते. १२ मीटर उंचीच्या खांबावर एकच प्रखर दिवा आहे आणि त्यापासून २४ मीटरवर ३ मीटर उंचीची बस उभी आहे. समरूप त्रिकोणांनी बसच्या मागच्या सावलीची लांबी काढा. ती ८ मीटर येते. अशा दहा बस उभ्या केल्या की झगझगीत दिव्याखालीच अंधाराच्या दहा खोल्या तयार होतात. याउलट कमी उंचीचे अनेक दिवे दोन्ही बाजूंनी लावले, तर एकाची सावली दुसरा पुसतो. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड एकचतुर्थांश होतो, हा नियम आहेच. फलाट, तिकीट खिडकी आणि चहाचे दुकान एकमेकांना दिसतील असे असावेत. बंद पडलेल्या गाड्या प्रवाशांच्या आवारात ठेवूच नयेत.

मी याला शिक्षणाचा प्रश्न का म्हणतो? हिवाळ्यात सहा-साडेसहालाच काळोख पडतो. प्रात्यक्षिके आटोपून निघालेल्या मुलीला अंधाऱ्या थांब्यावर एकटीने उभे राहावे लागत असेल, तर काही पालक तिला विज्ञान शाखाच घेऊ देत नाहीत. असे पालक मला भेटले आहेत. त्यांना मागासलेले म्हणणे सोपे आहे. पण त्यांनी धोक्याचा हिशेब केला आहे, आणि तो खोटा ठरवण्याची जबाबदारी आपली आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. दुकानांचे गाळे आणि मोठी इमारत यांतून उत्पन्न मिळते आणि त्यातूनच स्थानक उभे राहते, असे म्हणतात. ते खोटे नाही. तोट्यातल्या सेवेला उत्पन्न हवेच. पण क्रम उलटा नको. आधी फलाट, सावली, वळणाची जागा आणि स्वच्छतागृहे यांना लागेल तेवढी जमीन राखावी आणि उरलेल्या जागेत गाळे काढावेत. गाळे नंतरही वाढवता येतात, वळणाची त्रिज्या वाढवता येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की काळ बदलतो आहे, मग आजची मोजमापे उद्या काय कामाची? उलट म्हणूनच ती हवीत. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. अशा बसच्या बॅटरीत सुमारे ३०० युनिट वीज मावते असे धरा. दीडशे किलोवॉटच्या यंत्रावर ती भरायला दोन तास लागतील, आणि दहा बस एकाच वेळी लावल्या तर दीड हजार किलोवॉट वीज लागेल. एवढी वीज कोठून येणार, आणि दोन तास उभ्या राहणाऱ्या बसने कोणाचा फलाट अडवायचा नाही, हे इमारतीचा पाया खणण्यापूर्वीच ठरवले पाहिजे.

तुमच्याकडून एक अपेक्षा

कुरकुंभसारख्या गावाला विमानतळासारखे स्थानक नको आहे. चार दिशांना जाणाऱ्या प्रवाशांसाठी चौकापासून थोडे मागे सरकवलेले चार सावलीचे थांबे, महामार्ग ओलांडण्याची सुरक्षित सोय, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी आणि रात्री दोन्ही बाजूंनी उजेड असला, तर माझ्या दृष्टीने ते पूर्ण आधुनिक ठरेल.

पण माझे मत खरे कशावरून? म्हणून, विद्यार्थी मित्रहो, तुम्हीच मोजा. घड्याळ, मोजपट्टी, तापमापक आणि वही एवढी साधने पुरेत. शिक्षकांना बरोबर घेऊन, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, एक आठवडा सकाळी व संध्याकाळी एकेक तास आपल्या गावच्या थांब्याची नोंद करा. बस केव्हा आली, किती वेळ थांबली, किती माणसे चढली, किती जण उन्हात उभे होते, छपराखाली तापमान किती होते आणि काळोख पडल्यावर वहीतली अक्षरे कोठपर्यंत वाचता आली, हे सर्व लिहा. सरासरी काढा, आलेख काढा. आलेल्या संख्या तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळ्या निघाल्या तर त्या बदलू नका, त्याच लिहा.

मग हा तक्ता ग्रामपंचायतीला आणि जवळच्या आगाराच्या व्यवस्थापकांना नेऊन द्या. नव्या स्थानकाचा किंवा थांब्याचा नकाशा जेव्हा तयार होईल, तेव्हा त्यांच्या टेबलावर निदान एक तरी खरी संख्या असेल. एक प्रत शाळेत ठेवा, आणि दिलेल्या प्रतीची पोच घ्यायला विसरू नका.